उत्तरसूचीला पिना: ताईच्या दहावीच्या गणिताच्या नोंदी

१० नोव्हेंबर

ताई यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसतेय. शाळा सुटून बरीच वर्षं झाली, घरी शिलाईचं काम आहे, दोन पोरं आहेत. बाकीचे विषय ती आपली आपण वाचून काढणार, गणित माझ्या गळ्यात आलंय. मी मास्तर नाही, इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये, सुताला खळ लावतात तिथे, हिशेब लिहितो. घरातल्या कुणाला असंच बसवायचं असेल तर आमचा जो वेळ वाया गेला तो त्यांचा जाऊ नये, म्हणून लिहून ठेवतोय.

पुस्तकं दोन. भाग १ बीजगणित, सहा प्रकरणं. भाग २ भूमिती, सात प्रकरणं. दोन्ही पेपर ४०-४० गुणांचे, दोन-दोन तासांचे. दोनशेपानी वह्या, आलेखवही आणि कंपासपेटी मिळून तीनशेच्या आत खर्च. कंपासपेटी स्वस्तातली घेतली, त्याचं पुढे येईलच.

१४ नोव्हेंबर

ताईचा वेग चांगला आहे. गुणाकार-भागाकार तर माझ्यापेक्षा झटपट करते. खोट दुसरीकडेच आहे. गणित सोडवलं की पान उलटून मागची उत्तरसूची बघते. हिच्या वहीत उणे ४ आणि मागे अधिक ४ असेल, तर उण्याची रेघ खोडून पुढच्या गणितावर. कुठे चुकलं ते बघणं नाहीच. विचारलं तर म्हणाली, "चिन्हाचं तर होतं की रं."

परीक्षेत मागची पानं नसतात. आज दोन्ही पुस्तकांच्या उत्तरसूचीला स्टेपलरच्या पिना मारून टाकल्या. वहीच्या प्रत्येक पानाला उजवीकडे चार बोटं पट्टी दुमडून घेतली, तिथे फक्त पडताळा. उत्तर बरोबर आहे हे तुला कशावरून कळलं, ते त्या पट्टीत लिहायचं. तोवर गणित झालं असं धरायचं नाही.

ताई दोन दिवस नाराज होती.

२० नोव्हेंबर

दोन चलांतील रेषीय समीकरणं, निश्चयकाची पद्धत. म्हणजे सहगुणक चौकटीत मांडायचे आणि एका तिरप्या गुणाकारातून दुसरा वजा करायचा.

२क्ष − ३य = ९ आणि ५क्ष + २य = १३

पहिला निश्चयक: २ × २ वजा (−३) × ५, म्हणजे ४ + १५ = १९. ताईने ४ − १५ = −११ काढला. पुढे क्षच्या जागी ५७ भागिले −११ असलं काहीतरी आलं. ते घेऊन समीकरणात परत घालायचं म्हटल्यावर तिने हातच टेकले.

इलाज साधा निघाला. तिरप्या गुणाकारातला दुसरा गुणाकार आधी कंसात पूर्ण लिहायचा, कंसाबाहेर वजाचं चिन्ह लिहायचं आणि मगच कंस सोडायचा. ४ − (−१५). एक ओळ वाढते, पण त्या दिवसापासून ही चूक जवळपास गेलीच. क्ष = ३, य = −१. परत घालून बघितलं: ६ + ३ = ९, १५ − २ = १३. ताईच्या हातची पहिली भरलेली पट्टी.

२७ नोव्हेंबर

आजची नोंद या वहीतली सगळ्यात कामाची असावी.

गणित असं: एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केल्यावर मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे. तर मूळ संख्या काढा.

ताईने दशकस्थानी क्ष, एककस्थानी य घेतला. पहिलं समीकरण बरोबर. दुसरं लिहिलं: १०क्ष + य = १०य + क्ष + २७. सोडवलं, ६३ आले. पट्टीत पडताळा लिहिला: ६ + ३ = ९, ६३ = ३६ + २७. दोन्ही जुळले. खाली दोन रेघा मारून वही माझ्याकडे सरकवली.

उत्तर ३६ आहे.

पडताळा जुळूनही उत्तर चूक कसं, यावर बराच वेळ डोकं लावलं. मग लक्षात आलं, तिने उत्तर घातलं ते स्वतःच्या समीकरणात. समीकरणच उलटं मांडलेलं, मग त्यात ते बसणारच. पडताळा घ्यायचा तो पुस्तकातल्या वाक्यात. तिला म्हटलं, आकडा घालून वाक्य मोठ्याने वाच. "त्रेसष्ट. अंक उलटले की छत्तीस. छत्तीस हे त्रेसष्टपेक्षा सत्तावीसने मोठे..." आणि तिथेच थांबली.

मग वयाचं एक दिलं. पाच वर्षांपूर्वी वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या ७ पट होतं, पाच वर्षांनी ते ३ पट होईल. ताईने पाच वर्षं वडिलांची कमी केली, मुलाची करायची राहिली. पाच वर्षांनंतरचं समीकरण बरोबर मांडलं. उत्तर काय आलं असेल? मुलगा सव्वा वर्षाचा, बाप पावणेचौदा वर्षांचा. समीकरणात दोन्ही तंतोतंत बसतात. या वेळी मात्र तिने मला विचारायच्या आधीच वाक्य वाचलं. पाच वर्षांपूर्वी पोरगं होतं कुठे, म्हणून खळखळून हसली आणि सगळं खोडून ४० आणि १० वर आली.

पट्टीचा नियम बदलला. पट्टीत आता समीकरण लिहायचं नाही. प्रश्नातलं वाक्य, आकडे घालून.

६ डिसेंबर

वर्गसमीकरणं. २क्ष² − ७क्ष + ३ = ०. सूत्रात "उणे ब" आहे, ब म्हणजे क्षचा सहगुणक, आणि इथे ब स्वतःच उणे ७. ताईने उणे ७ च ठेवले, मुळं, म्हणजे क्षच्या किमती, आली −३ आणि −१/२. खरी मुळं ३ आणि १/२.

मुळांचा गुणाकार, म्हणजे शेवटची संख्या भागिले क्ष² चा सहगुणक, ३/२ यायला हवा. तिच्या मुळांचाही ३/२ च येतो, कारण उणे गुणिले उणे. बेरीज मात्र ७/२ ऐवजी −७/२. नुसता गुणाकार तपासून ती पुढे गेली असती. म्हणून मुळांची बेरीज आणि गुणाकार, दोन्ही तपासायचे.

दुसरी भानगड उणे मुळाची. आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ ने जास्त, क्षेत्रफळ ६०. मुळं ५ आणि −१२. रुंदी उणे नसते, −१२ सोडून द्यायचं. हे तिला इतकं पटलं की पुढच्या गणितातही तिने तेच केलं. दोन क्रमागत पूर्णांकांचा गुणाकार ५६. ७, ८ लिहिलं आणि −८, −७ वर काट मारली. प्रश्नात "पूर्णांक" आहे, "नैसर्गिक संख्या" नाही. इथेही वाक्यच नीट वाचायला हवं होतं.

१२ डिसेंबर

अंकगणिती श्रेढी, म्हणजे सारख्या फरकाने येणाऱ्या संख्या. ७ ने भाग जाणाऱ्या तीन अंकी संख्या किती? पहिली १०५, शेवटची ९९४. ताईचं उत्तर १२७, खरं १२८. एक मिळवायचा राहिला. सूत्र पाठ करून घ्यायच्या भानगडीत पडलो नाही. १४ पासून २८ पर्यंत मोज म्हटलं. १४, २१, २८, तीन संख्या. वजाबाकी करून ७ ने भागलं तर दोनच. तेवढ्यावर काम झालं.

२९ डिसेंबर

मधले दोन आठवडे गेले. लग्नसराई. ताईकडे ब्लाउजचा ढीग, रात्री अकरापर्यंत मशीन चालू. त्या काळात गणित लादून उपयोग नाही हे दोन रात्रींतच कळलं, दोघंही चिडचिड करून उठलो. तुमच्या घरी कमावती बाई परीक्षेला बसत असेल तर वेळापत्रक तिच्या हंगामाकडे बघून आखा.

अर्थनियोजन मात्र मशीनवर बसल्या बसल्या तोंडी झालं. जीएसटीत एकच अडलं. १८ टक्के करासह किंमत ११८० असेल तर मूळ किंमत किती? तिने ११८० चे १८ टक्के काढून वजा केले, ९६७.६० आले. त्यावर १८ टक्के परत लावून बघ म्हटलं. ११४१ आणि वर काही पैसे. ११८० होत नाहीत. मग स्वतःच १००० वर आली.

४ जानेवारी

संभाव्यता. पुस्तकातलं छोटं प्रकरण, म्हणून दोन बैठकांत उरकू असं वाटलं होतं. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

दोन नाणी एकदम फेकली. दोन्हींवर छाप पडण्याची संभाव्यता किती? ताईने नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी, लिहिला: दोन्ही छाप, दोन्ही काटे, एक छाप एक काटा. तीन शक्यता, उत्तर १/३. पट्टीतही लिहिलं: तिन्हींची बेरीज १. माझाच शिकवलेला पडताळा. जुळतोही, आणि उत्तर चूक.

मी म्हटलं, छाप-काटा वेगळं आणि काटा-छाप वेगळं, म्हणून चार. ती म्हणे, वेगळं कसं? दोन्ही नाणी जमिनीवर पडली, एक छाप एक काटा दिसतंय, त्यात पहिलं कुठलं आणि दुसरं कुठलं? खरं सांगायचं तर तिचा प्रश्न रास्त होता. पुस्तकातली दोन्ही नाणी एकसारखी, वरून एकदम फेकलेली.

पाचचं एक आणि दहाचं एक नाणं आणलं. पाचाची छाप आणि दहाचा काटा, हा एक प्रकार. पाचाचा काटा आणि दहाची छाप, हा दुसरा. आता हे दोन वेगळे आहेत हे मान्य झालं. पण तिचं पुढचं बोलणं, "नाणी वेगळी घेतलीस म्हणून उत्तर बदललं. सारखी घे की." मग दोन्ही पाचाची घेतली आणि भाचरांना कामाला लावलं. शंभर वेळा फेकायची आणि वहीत उभ्या रेघा मारायच्या, पाचवी आडवी. ताईच्या हिशेबाने तिन्ही रकाने तेहतीसच्या आसपास यायला हवे होते. एक छाप एक काटा हा रकाना निम्म्याच्या आसपास गेला आणि उरलेले दोघे मिळून बाकीचं निम्मं. नाण्यांचा सारखेपणा नाण्यांना कळत नाही, असं काहीतरी ती पुटपुटली. तेवढ्यावर मी विषय संपवला.

तीन शक्यता मोजण्यात काही वावगं नाही. त्या तिन्ही सारख्याच वेळा घडतात असं धरलं, तिथे घोटाळा झाला. समसंभाव्य हा शब्द पुस्तकात आहे, पण वाचताना त्याच्यावरून नजर घसरते. ताईला धीर यावा म्हणून सांगितलं की दालांबेर या नामांकित फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली ज्ञानकोशातल्या नोंदीत अशीच गल्लत केली होती. दोन फेकींत किमान एकदा छाप, याचं उत्तर त्याने २/३ दिलं. बरोबर उत्तर ३/४. ताई म्हणाली, मग मला दहावी द्या, त्याला नका देऊ.

७ जानेवारी

फासे. वरचा धडा लगेच उपयोगी पडला. ताईने दोन फाशांसाठी २१ शक्यता मोजल्या होत्या, (१,२) आणि (२,१) एकच धरून. बेरीज ७ येण्याची संभाव्यता ३/२१. लुडोतला पांढरा फासा आणि भाच्याच्या जुन्या डावातला लाल फासा घेतला. आलेखवहीत ६ × ६ चौकटी आखल्या, आडवा पांढरा, उभा लाल. बेरीज ७ च्या सहा चौकटी तिरप्या एका रेषेत आल्या. ६/३६, म्हणजे १/६.

आता फाशाच्या प्रत्येक गणिताला ती आधी ही चौकट आखते. परीक्षेत दोन मिनिटं जातील. जाऊ देत.

पत्त्यांचं वेगळंच. ताईने आयुष्यात पत्ते हातात धरलेले नाहीत. बदाम आणि चौकट लाल, किल्वर आणि इस्पिक काळे, इथपासून सुरुवात. चित्रयुक्त पत्ते किती म्हटल्यावर १६ म्हणाली. एक्का धरला होता. राजा, राणी, गुलाम, बस्स. चार गुणिले तीन बारा. पत्त्यांचा एक जोड आणून टाका, पुस्तकातल्या वर्णनावरून हे डोक्यात बसत नाही.

१८ जानेवारी

भूमिती. स्पर्शिका-छेदिकेचं प्रमेय: बाहेरच्या बिंदूपासून स्पर्शिकेच्या लांबीचा वर्ग म्हणजे छेदिका वर्तुळाला जिथे छेदते त्या जवळच्या आणि लांबच्या टोकांपर्यंतच्या अंतरांचा गुणाकार.

बाहेरच्या बिंदूपासून स्पर्शिकाखंड १२. त्याच बिंदूतून जाणारी छेदिका वर्तुळाला जवळच्या बाजूला ८ वर छेदते. छेदिकेच्या वर्तुळातल्या तुकड्याची, म्हणजे जीवेची लांबी किती? स्पर्शिकेचा वर्ग १४४, भागिले ८, १८. ताईने जीवा १८ लिहिली. हे १८ बाहेरच्या बिंदूपासून वर्तुळाच्या पलीकडच्या टोकापर्यंतचे. जीवा १८ − ८ = १०.

म्हटलं, काढूनच बघू. छेदिका केंद्रातून जाणारी घेतली म्हणजे आकडे सोपे पडतात. त्रिज्या ५ सेमी, बिंदू केंद्रापासून १३ सेमी. जवळचं टोक ८, लांबचं १८, व्यास म्हणजेच जीवा १०. केंद्र आणि बिंदू जोडून १३ चा मध्य घ्यायचा, साडेसहाची त्रिज्या घेऊन दुसरं वर्तुळ काढायचं. जिथे दोन्ही वर्तुळं छेदतात तिथे स्पर्शबिंदू. ५, १२, १३. पायथागोरसनेही जुळतं.

कागदावर नाही जुळलं. स्पर्शिका मोजली तर ११.९ च्या खाली, जवळचं अंतर ७.७. ताई म्हणाली, "मग प्रमेय खोटं की रं तुझं." पुन्हा काढलं, पुन्हा तेच. वर्तुळ सुरू केलं तिथे येऊन मिळत नव्हतं, शेवटाला दोन-तीन मिलिमीटर बाहेर. कंपासचा स्क्रू ढिला, फिरवता फिरवता पाय फाकत होते. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. दुसऱ्या दिवशी धातूचा चांगला कंपास आणला, शंभरच्या वर पैसे गेले. मग १२ भरले, केंद्रापासून स्पर्शबिंदूला जोडणारी त्रिज्या गुण्या लावून काटकोनात बसली.

हा खर्च पहिल्या दिवशीच करा. भौमितिक रचनांचं अख्खं प्रकरण कंपासवर आहे.

आणखी एक. पुस्तकातली आकृती बघून गणित सोडवायचं नाही, आपली काढायची. छापलेल्या आकृतीत कोन काटकोनासारखा दिसतो म्हणून ताई तो ९० अंश धरून पुढे जायची. दिलेलं काय आहे ते आधी लिहायचं, आकृतीतलं दिसणं त्यात घ्यायचं नाही.

२४ जानेवारी

समरूपता. बाजूंचं गुणोत्तर २ : ३, तर क्षेत्रफळांचं ४ : ९. ताई २ : ३ च लिहायची. आलेखवहीत दोनाचा आणि तीनाचा चौरस काढून चौकटी मोजल्या, निकाल लागला.

महत्त्वमापनात वर्तुळाच्या परिघाशी आलो, तर ताईने मलाच शिकवलं. अंब्रेला घागऱ्याला कापडाची चार पदरी घडी घालून कोपऱ्यापासून खडूने कमान मारायची. किती अंतरावर? कमरेचा सहावा भाग, त्यातून पाव इंच कमी. कमर २८ असेल तर २८ भागिले ६, ४.६७, वजा ०.२५, ४.४२. सूत्राने (परीघ = २ × २२/७ × त्रिज्या) त्रिज्या काढली: २८ × ७/४४ = ४.४५. तीन शतांश इंचांचा फरक, खडूची रेघच तेवढी जाड असते. कमर ३६ ला ५.७५ आणि ५.७३. मग मी २० घालून पाहिलं: तिच्या रीतीने ३.०८, सूत्राने ३.१८. इथे घागरा कमरेत अर्ध्या इंचाहून जास्त आवळेल. ताई म्हणाली, "म्हणून लहान पोरींना मी पाव इंच पुरतं कमी करत न्हाई."

परिघाचं सूत्र त्यानंतर पाठ करावं लागलं नाही.

२ फेब्रुवारी

त्रिकोणमिती, उंची आणि अंतर. दीपगृह ६० मीटर उंच, जहाजाचा अवनत कोन ३० अंश. अंतर किती? ताईने ३० अंशाचा कोन दीपगृहाच्या उभ्या भिंतीला चिकटवला. उत्तर ३४.६ मीटर. खरं उत्तर ६० × १.७३, १०३.८ मीटर. अवनत कोन वरच्या आडव्या रेषेपासून मोजायचा.

इथला पडताळा गणिताच्या आधीच लिहायला लावला. कोन ४५ असेल तर उंची आणि अंतर सारखे. ३० म्हणजे नजर पसरट, अंतर उंचीपेक्षा जास्त. ६० म्हणजे नजर खाली, अंतर कमी. पट्टीत आधी "जास्त", "कमी" किंवा "सारखे" एवढाच शब्द. मग आकडे.

९ फेब्रुवारी

वेळ लावून बीजगणिताचा पूर्ण पेपर. सोडवलेलं बहुतेक बरोबर, पण चार गुणांचा एक प्रश्न आणि शेवटचा तीन गुणांचा राहून गेला. वेळ पडताळ्यांनी खाल्ला.

काटछाट केली. बहुपर्यायी प्रश्नांत सोडवत बसायचंच नाही, पर्याय उचलून प्रश्नात घालायचा, तोच पडताळा. "कृती पूर्ण करा"च्या चौकटींत ताई अडकते, कारण तिची पद्धत वेगळी आणि छापलेली वेगळी. तिथे शेवटच्या चौकटीपासून मागे येत वाचायचं. शाब्दिक गणितांचा वाक्यातला पडताळा काही झालं तरी सोडायचा नाही. बाकी ठिकाणी वेळ उरला तर.

१३ फेब्रुवारी

त्रिकोणमितीतल्या नित्यसमानता, म्हणजे कुठलाही कोन घातला तरी दोन्ही बाजू सारख्या येणारी समीकरणं, राहिल्या होत्या. सिद्ध करायच्या असतात, आकडा उत्तर येत नाही, मग तपासायचं कसं? थीटाच्या, म्हणजे कोनासाठी लिहिलेल्या अक्षराच्या, जागी एखादा कोन घालून दोन्ही बाजू काढायच्या. ताईने ४५ निवडला, किमती सोप्या म्हणून. तिच्या एका पायरीत टॅन गुणिले कॉस बरोबर कॉस असं झालं होतं. ४५ अंशाला टॅन १, त्यामुळे दोन्ही बाजू जुळल्या. खरं तर तिथे साइन यायला हवा. ४५ ला साइन आणि कॉस सारखेच, त्यांची अदलाबदल झाली तरी पत्ता लागत नाही. ३० घातल्यावर एका बाजूला अर्धा आणि दुसऱ्या बाजूला वर्गमूळ तीन छेद दोन. चूक लगेच वर आली. नित्यसमानतेला ४५ बंद, ३० किंवा ६० च.

रविवारी भूमितीचा पूर्ण पेपर. ताईला त्या दिवशी दुपारपर्यंत दोन ब्लाउज द्यायचे आहेत, म्हणून सकाळी सातला बसायचं ठरलंय.